मुलांच्या पावलांनी प्रवास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी विषय विचारला. त्या म्हणाल्या, "सुट्ट्या जवळ आल्या आहेत. लहान मुलांना घेऊन सहलीला कसे जावे, तेच सांगा." या विषयात माझा अधिकार मोठा नाही. एक सहल मी माझ्या हाताने बिघडवली आणि दुसरी आपोआप साधली, एवढीच माझी पुंजी. त्या दोन्हींची हकीकत आपल्यापुढे ठेवते.

पहिली सहल मे २०१९ मधली. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि मुलगा चार वर्षांचा. मुलांना अजिंठा दाखवायचा हे माझ्या मनात फार दिवसांपासून होते. त्याला कारणही तसेच होते. आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतला हरिषेण राजा पाचव्या शतकात होऊन गेला, आणि त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करवून घेतले. तसा शिलालेखच त्या लेण्यात आहे. आपल्या गावचा असा थोर संबंध मुलांना ठाऊक नसावा, हे मला बरे वाटेना.

मग मी कागद घेऊन बसले. चार दिवसांत अजिंठा, वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, हे आधी विचारून घेतले. कुठे किती वाजता पोचायचे, कुठे किती मिनिटे थांबायचे, जेवण कुठे, चहा कुठे, सारे लिहून काढले. कागद इतका नेटका झाला होता, की आमच्या घरच्यांनी त्याला रेल्वेचे वेळापत्रक असे नाव दिले. त्या वेळापत्रकात चार वर्षांच्या मुलाची झोप तेवढी कुठे लिहायची राहिली होती.

पहाटे निघालो. सासूबाईही बरोबर होत्या. अजिंठ्याला आपली गाडी लेण्यांपर्यंत नेता येत नाही. फर्दापूरच्या फाट्यावर ती ठेवून तिथल्या बसने पुढे जावे लागते. आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढले होते. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखा कडा आहे आणि त्यात ओळीने लेणी आहेत. मे महिन्यात तो काळा खडक तव्यासारखा तापतो. पहिली दोन लेणी मुलांनी कशीबशी पाहिली. आत अंधार, बाहेर डोळे दिपवणारे ऊन. मुलगा कडेवरून उतरेना.

सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी दोन्ही बाजूंना दगडात कोरलेले दोन हत्ती आहेत. ते पाहताच पोरगा कडेवरून सरकन खाली उतरला आणि एका हत्तीसमोर फतकल मारून बसला. त्याने हत्तीला स्वतःच्या डब्यातले बिस्किट दाखवले, सोंड कुठे गेली म्हणून विचारले, त्याचे नावही ठेवले. मी घड्याळाकडे पाहिले. आम्ही पाऊण तास मागे होतो. मी त्याला उठ म्हटले, तो उठेना. दोनदा सांगितले, तीनदा सांगितले, आणि मग मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडत रडत पायऱ्या चढला. ज्या लेण्यासाठी मी एवढा खटाटोप केला होता, ते मी रडणारे पोर कडेवर घेऊन पाच मिनिटांत पाहिले. वराहदेवाचा शिलालेख कोणत्या भिंतीवर आहे हे आज कोणी विचारले, तर मला सांगता येणार नाही.

सासूबाई पायऱ्यांवरच बसून राहिल्या होत्या. शाळेची पायरी त्यांनी फारशी चढली नव्हती. आम्ही खाली आलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "अवं, हे लेणं काही पळून नाही चाललं. पोरगं घडीभर बसलं असतं तं काय बिघडलं असतं, माय?"

मला उत्तर सुचले नाही. पुढचे तीन दिवस कागदाप्रमाणेच पार पडले. मुलीला उन्हाने उलट्या झाल्या, मुलगा रोज संध्याकाळी चिडून रडला, आणि मी घरी आले ती सुट्टीला निघताना होते त्याहून जास्त थकून. जूनमध्ये शाळेत 'माझी सुट्टी' या विषयावर निबंध लिहायला सांगितला. मुलीने इतर पुष्कळ गोष्टींबरोबर एक वाक्य लिहिले होते: "आई सारखी घड्याळ बघत होती." भगिनींनो, तो निबंध मी जपून ठेवला आहे.

आता दुसरी सहल. तीही २०१९ चीच, दिवाळीच्या सुट्टीतली. त्या वर्षी ऑक्टोबर संपला तरी पाऊस हटेना, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. काढणीला आलेले सोयाबीन भिजले. आमचेही भिजले. दूर कुठे जाण्याइतका पैसा हातात नव्हता आणि मुलांना घरात कोंडून ठेवण्याचे मनात येत नव्हते. शेवटी रिसोडमार्गे एस. टी. ने लोणारला जायचे ठरले. लोणार बुलढाणा जिल्ह्यात असले तरी आपल्याला ते शेजारच्या गावासारखेच. दोन रात्रींच्या मुक्कामाची खोली तेवढी फोन करून ठरवली. कागद केला नाही. खरे सांगायचे तर शहाणपणाने नव्हे, उमेदच नव्हती म्हणून केला नाही.

पोचलो त्या दिवशी दुपारपासून पाऊस. अजिंठ्याच्या वेळची मी असते तर डोक्याला हात लावून बसले असते. पण बुडायला काही ठरलेलेच नव्हते. आम्ही खिडकीशी बसून गरम भजी खाल्ली, मुलांनी गादीवर उड्या मारल्या, आणि सासूबाईंनी त्यांच्या माहेरच्या गाडीची गोष्ट सांगितली.

त्यांचे माहेर कारंज्याकडचे. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला जाणारी ती छोट्या रुळांची गाडी, शकुंतला. आता ती बंद आहे. सासूबाई लेकरांना घेऊन तिच्यातून माहेरी जात. गाडी इतकी सावकाश चाले, म्हणाल्या, की पोचण्याची घाई करून उपयोगच नसे. बाया शिदोऱ्या सोडत, मुले एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर जात, आणि गाव येईपर्यंत डब्यात अर्धा संसार ओळखीचा झालेला असे.

ऐकता ऐकता माझ्या मनात आले, की आपल्या आयांच्या काळी सुट्टी म्हणजे आजोळ. तिथे काही आखलेले नसे आणि तरी मुले सुखाने वाढत. कारण एका मुलामागे मामी, मावशी, आजी असे सहा हात असत. आज नवराबायको दोन मुलांना घेऊन निघतात तेव्हा हात चारच, त्यांतले दोन पिशव्यांत अडकलेले. हात कमी झाले आणि बेत मात्र वाढले.

दुसऱ्या दिवशी उघडीप झाली. मुले उठली तेव्हा आम्ही उठलो. सरोवराच्या काठावर एक झरा आहे. गोमुखातून त्याची धार पडते आणि ती बारमाही वाहते. सासूबाई तिथल्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसल्या, त्यांच्या शेजारी नातू बसला, आणि दोघे जवळजवळ दोन तास हलले नाहीत. कोणी त्यांना उठवले नाही. मुलगी वडिलांबरोबर झाडीतल्या वाटेने खाली सरोवराकडे गेली आणि मोर पाहून आली. आणि मी? मी एका दगडावर बसून चहा प्याले. गरम असताना, सलग आणि शेवटच्या घोटापर्यंत. आपण साऱ्या आया आहोत, त्याचे मोल मी वेगळे सांगायला नको.

काठावरून पाहिले म्हणजे ते विवर केवढे आहे ते कळते. रुंदी सुमारे पावणेदोन ते दोन किलोमीटर. आकाशातून पडलेल्या उल्केच्या आघाताने आपल्या काळ्या खडकात ते झाले. आतले पाणी खारट आणि क्षारयुक्त. पूर्वी त्याचे वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरीत. अलीकडच्या संशोधनात ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे निघाले आहे. मी हे मुलांना सांगत होते, तेवढ्यात मुलाने विचारले, "मग तो दगड आता कुठे गेला?" आघाताच्या प्रचंड उष्णतेने तो बहुतेक वितळून, वाफ होऊन गेला, असे त्याच्या वडिलांनी सांगितले. त्यावर तो रात्रभर प्रश्न विचारीत होता. अजिंठ्याला त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता, हत्तीची सोंड सोडून.

दैत्यसूदनाचे मंदिर निघण्याच्या दिवशी सकाळी पाहिले. कमळजा देवीचे दर्शन राहून गेले. मी हळहळले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. पुन्हा यायला कारण होईल."

पुढच्या वर्षी कोरोनामुळे सारे घरात बसलो असताना, जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाल्याची बातमी आली. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तसे झाले, असे तपासणीत निघाले. दूरदर्शनवर ते दृश्य दिसताच दोन्ही मुले ओरडली, "आपलं सरोवर!" त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या सरोवराला रामसर यादीत जागतिक महत्त्वाचे पाणथळ स्थान म्हणून जागा मिळाली, तेव्हाही घरात जणू कोणाचा सत्कार झाल्यासारखा आनंद झाला. पण सासूबाईंचे पुन्हा जाणे झाले नाही. एप्रिल २०२१ मध्ये त्या गेल्या. मुलांना आजीची आठवण विचारली, तर दोघेही ती धारेची पायरी सांगतात. त्या दोन तासांत मी जर "चला, पुढचे पाहायचे आहे" म्हटले असते, तर ती आठवण त्यांच्याजवळ नसती.

मैत्रिणींनो, सैल सहल म्हणजे बेफिकीर सहल नव्हे. चार गोष्टी मी आता पक्क्या करते आणि बाकी साऱ्या मोकळ्या सोडते. पहिली, रात्रीचे छप्पर. दुसरी, परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आणि ठिकाण बंद असण्याचा वार. तिसरी, पाणी आणि औषध. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, म्हणून दुपारी बारा ते चार मुले सावलीत, आणि जलसंजीवनीची पाकिटे पिशवीत. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चौथी, कामांची वाटणी. नाहीतर सुट्टी घराला मिळते आणि घरातल्या बाईचे स्वयंपाकघर फक्त गाव बदलते. सकाळची आंघोळपांघोळ वडिलांकडे, गाडीची चौकशी मोठ्या मुलीकडे, आणि दिवसातला एक तास आईचा स्वतःचा. पाहायचे ठिकाण दिवसाला एकच. दुसरे घडले तर तो लाभ समजावा.

यासाठी लांब जायला हवे असेही नाही. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. त बायकांना निम्मे तिकीट झाले आहे. आपल्याच जिल्ह्यात कारंज्याजवळ सोहोळच्या अभयारण्यात काळवीट आहेत. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहे. पोहरादेवी आहे. डबा घेऊन सकाळी निघावे, आणि मूल जिथे रमेल तिथे आपणही बसावे.

शेवटी एक सांगते. मागच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा अजिंठ्याला गेलो. मुलगा आता दहा वर्षांचा आहे. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी मी त्याला म्हटले, "बस की हत्तीजवळ. हवा तेवढा वेळ बस." तो लाजला. "आई, मी काय आता लहान आहे?" म्हणाला, आणि भरभर वर चढून गेला. मीच मग तिथे थोडा वेळ बसले. लेणे दीड हजार वर्षे थांबले आहे आणि पुढेही थांबेल. मुलाचे चौथे वर्ष मात्र एक वर्षच टिकते.

आपल्या घरांत ज्यांची मुले आज चार वर्षांची आहेत, त्यांच्यासाठी हे बोलले.