घरीं राहिलेले वृद्ध आणि दूरचें मुखदर्शन
(महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशीं ज्यांस येथवर येणें शक्य झालें नाहीं, अशा वृद्धांविषयीं दोन शब्द बोलण्याची आम्ही अनुज्ञा मागतों.

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झाला. त्याच्या सहाहि तालुक्यांतून पुष्कळ तरुण उदरनिर्वाहार्थ पुण्यामुंबईस जातात; घर राखावयास आईबाप मागें उरतात. मुलगा पैसे पाठवितो, यांत संशय नाहीं. परंतु आईचे पाय सुजले आहेत कीं काय, चुलीवर कांहीं शिजलें कीं नाहीं, हें त्यास कसें दिसावें? नुसत्या आवाजावर विसंबावें, तर "आम्ही बरे आहों, तूं काळजी करूं नको," असें आईबाप सांगतातच. व्हिडिओ कॉलचा खरा उपयोग येथें आहे. तोंडावरचा थकवा लपत नाहीं. गोळ्यांचें पाकीट समोर धरावयास सांगतां येतें. कमी ऐकूं येणारास ओठांच्या हालचालीवरून बोलणें उमगतें.

वैद्यकीय बाबतींतहि सोय झाली आहे. २०२० सालीं, टाळेबंदीच्या दिवसांत, केंद्र सरकारनें ई-संजीवनीद्वारां घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळण्याची व्यवस्था सुरू केली. ज्यांस फोन हाताळतां येत नाहीं, त्यांस उपकेंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकारी दूरच्या डॉक्टरांशीं गांठ घालून देतात. तथापि छातींत कळ आली किंवा तोंड वांकडें झालें, तर पडद्यासमोर बसूं नये. तत्काळ १०८ क्रमांकास फोन करावा.

याच पडद्यावर पोलिसाचा वेष घेऊन ठगहि येतात, आणि "डिजिटल अटक" झाल्याचें भय दाखवून जन्माची पुंजी लुबाडतात. अशी अटक कायद्यांत नाहींच. फोन बंद करावा व १९३० क्रमांकावर कळवावें.

आतां आमचें मागणें. यंत्र मुख दाखवितें, पाण्याचा तांब्या भरून देत नाहीं. म्हणून प्रत्येक वृद्धाच्या घरीं शेजारच्या एका तरुणानें आठवड्यांतून एकदां ठरल्या वेळीं जावें. उजेड तोंडावर पडेल असें त्यांस बसवावें, फोन लावून द्यावा, आणि स्वतः ओसरीवर येऊन बसावें. कारण मायलेकरांच्या बोलण्यास एकांत हवा. दूरच्या लेकरानेंहि ती वेळ पाळावी. इतर दिवशीं त्यानें फोन केला आणि घरून उत्तर आलें नाहीं, तर शेजाऱ्यास कळवावें, व शेजाऱ्यानें तासाभरांत जाऊन दार ठोठवावें.

ज्यांस हें काम पत्करावयाचें असेल, त्यांनीं आजच नांवें द्यावीं, इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतों.