डोक्याचा मुका मार

जुन्नर-आंबेगावात मुलांच्या डोक्याला मार लागायला निमित्तं कमी नाहीत. पश्चिमेकडे हिरड्याच्या झाडावरून पाय सुटतो, बागायती भागात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून तोल जातो, शाळेत कबड्डी खेळताना डोक्यावर डोकं आपटतं. रक्त आलं तर घरचे दवाखान्यात धावतात. टेंगूळ आलं तर हळद लावतात. काहीच दिसलं नाही, तर ‘ऊठ, काही झालं नाही’ म्हणून पोराला पुन्हा खेळायला धाडतात. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला आज बोलायचं आहे ते या शेवटच्या पोराविषयी.

मेंदू कवटीच्या आत द्रवात असतो. जोराचा हिसका बसला की तो आतल्या आत हलतो आणि त्याचं काम काही काळ विस्कटतं. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. आपण मेंदूचा मुका मार म्हणू.

याबद्दल दोन समजुती पक्क्या आहेत. पहिली, ‘बेशुद्ध पडला नाही, म्हणजे काळजी नाही.’ खरं तर असा मार लागलेली बहुतेक मुलं बेशुद्ध पडतच नाहीत. दुसरी, ‘सीटी स्कॅन चांगला आला, म्हणजे मेंदूला काही झालं नाही.’ स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. मुका मार दिसत नाही. शिवाय प्रत्येक मुलाला स्कॅन लागतोच असं नाही. अमेरिकेतल्या ४२ हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. नीट तपासणी केली, तर कुणाला स्कॅनची गरज नाही हे ओळखता येतं, असं त्यातून दिसलं. विनाकारण किरणोत्सर्ग कशाला?

मग निदान कशावरून? मुलाच्या बोलण्यावरून आणि तुमच्या नजरेवरून. डोकं दुखतं का, गरगरतं का, मळमळतं का, उजेड डोळ्यांना टोचतो का, हे विचारा. कुठे पडलास, सकाळी काय खाल्लंस, हे सांगता येतं का ते पाहा. उत्तर अडखळत येतं का? उगाच चिडचिड होते का? तान्हं मूल बोलत नाही. ते दूध टाकतं, किरकिरतं, खेळण्याकडे बघत नाही. ही लक्षणं कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात.

काही खुणा मात्र धोक्याच्या. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, हातापायांत कमजोरी, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, जागं न होणं, बरळणं. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. आहुप्यासारख्या गावातून मंचरला यायलाच बराच वेळ जातो. तो वेळ कांदा हुंगवण्यात घालवू नका.

डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल, तर मुलाला खुशाल झोपू द्या. रात्रीतून एक-दोनदा बघा, श्वास नेहमीसारखा आहे ना, हात लावल्यावर कूस बदलतं ना. वेदनेसाठी डॉक्टरांनी सांगितलेलं औषध द्या. अॅस्पिरिन देऊ नका. एक-दोन दिवस आराम, मोबाईल आणि टीव्ही कमी. पण अंधाऱ्या खोलीत आठवडाभर निजवून ठेवायची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. दोन दिवसांनी थोडं चालणं, थोडा अभ्यास सुरू करावा. आधी शाळा, मग खेळ. गुरुजींनी सुरुवातीला गृहपाठ कमी द्यावा, मधे विसावा द्यावा. बहुतेक मुलं ४ आठवड्यांत पूर्ववत होतात.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. मार लागला त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. कबड्डी-कुस्ती तर त्रास पूर्ण थांबल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला, तर तो फार महागात पडू शकतो.

आपल्या डोंगरी भागातली कितीतरी मुलं आश्रमशाळेत राहतात. घरच्या मुलाचं काही बिनसलं तर आईच्या लगेच लक्षात येतं. वसतिगृहात तेवढं बारीक लक्ष कुणाचं असणार? म्हणून अधीक्षकांना माझी विनंती आहे: मुलगा पडला की दिवस आणि वेळ वहीत लिहा, त्याला एकट्याला झोपवू नका, रात्रपाळीच्या माणसाला सांगा आणि घरी निरोप पाठवा. मुका मार स्वतः बोलत नाही. त्याच्यासाठी कुणीतरी बोलावं लागतं.