पाण्यातला श्वास
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



नदीकाठच्या गावांतील शाळांत एक प्रसंग पुष्कळदा घडतो. मुले ओढ्यातून लहानसा मासा पकडून आणतात, बाटलीत काठोकाठ पाणी भरून त्यात तो सोडतात, बूच घट्ट बसवितात आणि मोठ्या हौसेने ती बाटली वर्गातील फळीवर ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मासा उताणा पडलेला दिसतो. "गुरुजी, पाणी तर भरपूर होते, मग मासा मेला कसा?" असे एखादा मुलगा विचारतो. "त्याचे आयुष्य संपले" एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. विज्ञानाचा एक उत्तम पाठ त्या प्रश्नातच दडलेला आहे.

मासा पाण्याचे विघटन करून त्यातील प्राणवायू घेतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. पाण्याचे घटक वेगळे करून श्वास घेण्याची शक्ती माशाच्या अंगी नाही. मासा वापरतो तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू. भांड्यात पाणी तापत ठेवले असता उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी कडांना बारीक बुडबुडे जमतात. ती विरघळलेलीच हवा होय. हा प्रयोग कोणत्याही शाळेत करून दाखविता येईल.

परंतु हा साठा तुटपुंजा असतो. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात मात्र सुमारे ६ ते ७ मिलिलिटरच असतो. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड. इतक्या जड पदार्थातून इतका थोडा प्राणवायू मिळवावयाचा, तर साधनही तसेच हवे. ते साधन म्हणजे कल्ले.

रोहू किंवा कटला यांसारख्या माशाच्या डोक्याच्या बाजूचे झाकण उचलले, की लालभडक कल्ले दिसतात. प्रत्येक बाजूस चार कमानी, प्रत्येक कमानीवर तंतूंच्या दोन रांगा आणि प्रत्येक तंतूवर अतिशय पातळ पडद्यांच्या घड्या अशी त्यांची रचना असते. मासा तोंड उघडून पाणी आत घेतो व तोंड मिटून ते कल्ल्यांवरून झाकणाबाहेर सोडतो. पडद्यांतून रक्त वाहते ते पाण्याच्या उलट दिशेने. दोन्ही प्रवाह एकाच दिशेने वाहते, तर पाण्यातील व रक्तातील प्राणवायू लवकरच समसमान होऊन देवघेव थांबली असती. उलट प्रवाहामुळे रक्ताची गाठ वाटेत सर्वत्र आपल्याहून अधिक प्राणवायू असलेल्या पाण्याशी पडते. म्हणून काही मासे पाण्यातील ८० टक्क्यांपर्यंत प्राणवायू काढून घेऊ शकतात. त्याच वाटेने कर्बद्विप्राणील वायू बाहेर पडतो.

पाण्याबाहेर काढलेल्या माशाचे हे नाजूक तंतू एकमेकांस चिकटतात व वाळू लागतात. म्हणून भोवती हवा असूनही तो गुदमरतो. मरळ आणि मागूर यांना मात्र हवा घेण्यासाठी वेगळी इंद्रिये असतात. मरळ तर पृष्ठभागावर येऊ न दिल्यास पाण्यातही गुदमरते.

पाणी जितके तापते, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. रात्री पाणवनस्पती प्राणवायू निर्माण करीत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे तळ्यातील मासे वर येऊन तोंडे उघडताना दिसतात. तो त्यांचा खेळ नसून धडपड असते. तळ्यात शेणकचरा किंवा सांडपाणी सोडले, की ते कुजण्यातही प्राणवायू खर्ची पडतो आणि ही धडपड वाढते, हेही मुलांना सांगावे.

आता त्या बाटलीचे कोडे उलगडते. पाणी होते, परंतु त्यातील प्राणवायू संपला आणि बुचामुळे नवा मिसळला नाही. वर्गात मासा दाखवावयाचा असल्यास रुंद तोंडाचे भांडे घ्यावे, ते अर्धेच भरावे, उघडे ठेवावे व सावलीत ठेवावे. तोंडाची व झाकणांची उघडझाप मिनिटात किती वेळा होते, ती मुलांकडून मोजून घ्यावी. उकळून निववलेल्या पाण्यात मासा सोडून पाहण्याचा प्रयोग कोणीही करू नये. त्यात हवा फारच थोडी उरलेली असते.

आणि पाठ संपताच मुलांच्याच हातून तो मासा त्याच ओढ्यात परत सोडवावा. श्वासाचे मोल त्यांना त्या वेळी अधिक कळेल.