बदनामीच्या पैशातून उभं राहिलेलं पुस्तक

(महिला गटांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



इंग्लंडमधल्या एका सरदारघराण्यातल्या श्रीमंत बाईशी आपल्याला काय करायचंय, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. पण बाई सार्वजनिक प्रश्नावर बोलायला लागली, की तिच्या म्हणण्याला उत्तर न देता ती कुणाबरोबर राहते हेच विचारलं जातं. हा अनुभव आपल्या ओळखीचा आहे. नॅन्सी क्युनार्डनं त्याला जे उत्तर दिलं, त्यासाठी तिची आठवण काढायची.

नॅन्सीचा जन्म १८९६ चा. क्युनार्ड या प्रसिद्ध जहाज कंपनीच्या संस्थापकाची ती पणती. वडील सर बाश क्युनार्ड शिकारीत रमणारे. अमेरिकन आई मॉड लंडनमधली गाजलेली यजमानीण. मंत्री, लेखक, संगीतकार तिच्या मेजवान्यांना येत. मुलीनं चांगलं स्थळ पाहून लग्न करावं, एवढीच अपेक्षा. नॅन्सीनं १९१६ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं. ते दोन वर्षंही टिकलं नाही. १९२० मध्ये ती पॅरिसला गेली. कोपरापर्यंत हस्तिदंती बांगड्या भरलेला तिचा १९२६ चा फोटो मॅन रेनं काढला आणि तो जगभर गेला. पुष्कळांच्या लेखी नॅन्सी म्हणजे तो फोटो, आणि तिचे प्रियकर!

१९२८ मध्ये तिनं नॉर्मंडीतल्या एका खेड्यात जुनं हातयंत्र घेऊन ‘अवर्स प्रेस’ हा छापखाना काढला. खिळे जुळवायला ती स्वतः शिकली. सॅम्युएल बेकेटची पहिली स्वतंत्र पुस्तिका १९३० मध्ये इथूनच निघाली.

१९२८ मध्येच व्हेनिसमध्ये तिला हेन्री क्राउडर भेटले. ते काळे अमेरिकन पियानोवादक. दोघं एकत्र राहू लागली. घरात पाहुण्यांना ‘आधुनिक’ विचार ऐकवणाऱ्या आईला हे सहन झालं नाही. नॅन्सीला मिळणाऱ्या पैशांना कात्री लागली. १९३१ मध्ये नॅन्सीनं आईवर पुस्तिकाच लिहून वाटली. वर्णद्वेषावरचा तिचा राग रास्त होता. पण त्या आईलाही नवऱ्याचा पैसा आणि जेवणाचं टेबल याखेरीज सत्तेची दुसरी जागा समाजानं दिली नव्हती, हे त्या पुस्तिकेत कुठं दिसत नाही.

याच सुमारास तिनं काळ्या लोकांचा इतिहास, कला आणि लढे यांचा मोठा ग्रंथ करायला घेतला. त्यासाठी ती १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत राहिली. वर्तमानपत्रांनी काय छापावं? गोरी वारसदार काळ्या पुरुषांच्या मागे लागली आहे, एवढंच. गायक पॉल रोबसन यांच्याशी तिचं नाव जोडलं. दोघांनीही ते नाकारलं. धमक्यांची, अश्लील पत्रं येऊ लागली.

नॅन्सीनं ती पत्रं लपवली नाहीत. त्यातली काही तिनं त्या ग्रंथातच छापली. ब्रिटिश वर्तमानपत्रांवर तिनं अब्रुनुकसानीचे दावे लावले आणि भरपाईचा पैसा ग्रंथाच्या छपाईत घातला. १९३४ मध्ये ‘निग्रो’ (हा त्या काळचा शब्द) या नावानं आठशेहून अधिक पानांचा ग्रंथ निघाला. लँग्स्टन ह्यूज, डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस, झोरा नील हर्स्टन, जोमो केन्याटा असे सुमारे दीडशे लेखक त्यात आहेत. वसाहतीच्या सरकारनं त्रिनिदादमध्ये त्यावर बंदी घातली.

स्कॉट्सबरोच्या खटल्यातही ती उतरली. १९३१ मध्ये अलाबामात दोन गोऱ्या तरुणींवरील बलात्काराचा आरोप नऊ काळ्या मुलांवर ठेवण्यात आला आणि आठ जणांना घाईघाईनं मृत्युदंड सुनावला गेला. त्यातल्या एका तरुणीनं १९३३ मध्ये न्यायालयात आरोप मागे घेतला. नॅन्सीनं त्यांच्या बचावासाठी निधी गोळा केला. ‘आपल्या’ बायकांच्या अब्रूचं नाव घेऊन दुसऱ्या समाजाला चिरडता येतं, हे त्या खटल्यानं दाखवलं. बलात्काराविरुद्ध लढणाऱ्या आपण हा धडा विसरता कामा नये.

पण तिला देव्हाऱ्यात बसवू नका. क्राउडर यांच्या आठवणी १९८७ मध्ये पुस्तकरूपानं आल्या. त्यात ती मालकी गाजवणारी, संतापीही दिसते. आफ्रिकेवर तिचं प्रेम होतं. पण तिच्या हातातलं हस्तिदंत तिथून युरोपात कोणत्या व्यापारानं आलं, हेही विचारलं पाहिजे. दुसऱ्यांच्या लढ्यात वरच्या थरातून जाणारी बाई आपला दर्जा बरोबर घेऊनच जाते. मग करायचं काय? नॅन्सीच्या ग्रंथात याचं अर्धं उत्तर आहे: ज्यांचा प्रश्न, त्या अनेकांनी त्यात स्वतः लिहिलं. उरलेलं अर्धं असं, की निवड आणि संपादन मात्र तिच्याच हाती राहिलं.

स्पेनच्या यादवीत ती प्रजासत्ताकाच्या बाजूनं उभी राहिली. १९३७ मध्ये तिनं लेखकांना थेट विचारलं, तुम्ही कोणत्या बाजूला? छापलेल्या उत्तरांत १२७ जण प्रजासत्ताकाच्या बाजूनं, ५ विरोधात आणि १६ तटस्थ होते. १९३९ मध्ये फ्रान्सच्या सरहद्दीवर आलेल्या निर्वासितांच्या हालांबद्दल तिनं ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये लिहिलं, त्यांच्यासाठी मदत मागितली. १९६५ मध्ये पॅरिसच्या एका रुग्णालयात ती वारली.

आज तिचा फोटो सहज सापडतो, ग्रंथ शोधावा लागतो. आपल्या आधीच्या बायकांचं आपण काय जपून ठेवतो, त्यांचे फोटो की त्यांचं काम, यावर आता चर्चेत बोलू या.