तळहातावरील रणांगण

मुलांची लढाई पूर्वीं अंगणांत होई आणि लांकडी तलवार मोडली कीं तह होई. आतां ती तळहातावर आली आहे. सोनी कंपनीचें ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’ हें यंत्र २००४ सालीं जपानांत निघालें. त्याची लांबी वीतभरहि नव्हती आणि पडदा ४.३ इंचांचा होता. परंतु त्यांत अख्खी पलटण मावली.

दूरचित्रवाणीला जोडावयाच्या यंत्रांत खेळाडूच्या दोन्ही अंगठ्यांखालीं एकेक दांडी असते. डावीनें शिपाई चालतो, उजवीनें त्याची नजर फिरते. या लहान यंत्रांत तशी कळ एकच, डाव्या अंगठ्याखालीं. शिपायाला पाय मिळाले, मान मात्र राहून गेली! मग कारागिरांनीं युक्ति काढली. २००५ च्या ‘सोकॉम : फायरटीम ब्राव्हो’ या खेळांत बंदूक शत्रूवर आपोआप रोखली जाते. नेम यंत्रानें धरल्यावर खेळाडूकडे आडोसा निवडणें, वेळ साधणें आणि सोबत्याला हुकूम देणें एवढेंच उरतें. आणि सैनिकी विद्येचा मोठा भाग तोच होय. २०११ च्या ‘व्हिटा’ यंत्रांत दुसरी दांडी आली, तेव्हां नजरहि अंगठ्याच्या ताब्यांत आली. म्हणून या खेळांत बुद्धीला कामच नसतें, हा आक्षेप टिकत नाहीं.

उणीव आहे ती निराळीच. २००६ च्या ‘मेडल ऑफ ऑनर : हीरोज’ मध्यें दुसऱ्या महायुद्धांतील इटली दिसते. त्याच इटलींत मराठा पलटणी प्रत्यक्ष लढल्या. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनीं दोन जखमी सोबत्यांना भर गोळीबारांत, पाण्यांतून व सुरुंगांच्या पट्ट्यांतून, एकामागून एक वाहून नेलें. त्यानंतरच ते मागें फिरले आणि स्वतः जखमी झाले असतांहि त्यांनीं शत्रूचीं मशिनगनचीं ठाणीं मोडलीं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

खेळांत पडलेला शिपाई कळ दाबतांच पुन्हां उभा राहतो. त्याला खांद्यावर घेण्याची कोणावर पाळी येत नाहीं. घायाळ माणसाचें वजन पडद्यावर उतरत नाहीं. वडीलधाऱ्यांनीं मुलाच्या हातचें यंत्र हिसकावून घेऊं नये. डाव संपूं द्यावा, मुलाला जवळ बसवावें आणि सेनियोकांठची ही हकीकत सांगावी.