कोळशाची चित्रे आणि आपली नोंद

(गोंदिया येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



वकिलाने कलेवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ज्या चित्रांविषयी मी बोलणार आहे, त्यांचा संबंध जमिनीच्या कायद्याशी आहे आणि म्हणून आपल्या पोटाशीही आहे.

चंद्रपूर जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यात सास्ती नावाचे गाव आहे. तेथे कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या कुटुंबात १९८६ साली प्रभाकर पाचपुते यांचा जन्म झाला. आपल्या शेजारच्या छत्तीसगडातील खैरागड येथे आणि नंतर बडोद्यास त्यांनी कलेचे शिक्षण घेतले. ज्या कोळशाने घरच्यांचे हात काळे झाले, त्याच कोळशाने ते भिंतींवर माणसे काढू लागले. त्या माणसांच्या डोक्याच्या जागी कित्येकदा एखादे अवजार किंवा वस्तू असते. चित्र थोडे पुसावे, थोडे बदलावे आणि प्रत्येक वेळी छायाचित्र घ्यावे, म्हणजे ते चालू लागते. अशा कृतींस आज व्हिडिओ-कला म्हणतात. २०१२ साली मुंबईत त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. २०२१ साली वेल्समधील कार्डिफ येथील ‘आर्टेस मुंडी’ हा सन्मान सहा कलावंतांना वाटून मिळाला. त्यांत ते एक होते. वेल्स हीही कोळशाचीच भूमी. तेथील लोकांना सास्तीची ओळख पटवून देण्यास दुभाषा लागला नसेल.

ही चित्रे आपल्या प्रदेशाविषयी काय सांगतात? वरोऱ्याची खाण इंग्रज सरकारने १८७०च्या दशकात सुरू केली. इंग्रज गेले. १९७३ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. मालक बदलला, परंतु मजुराला केवळ अवजार समजण्याची दृष्टी बदलली काय, हाच त्या चित्रांचा प्रश्न आहे.

आता कायद्याकडे वळू. १९५७च्या कोळसाधारक क्षेत्र अधिनियमान्वये घोषणा प्रसिद्ध होताच जमीन सर्व भारांतून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे जाते. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याला मोबदला. मग त्याच शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या भूमिहीनाचे काय? त्याचे उत्तर पुष्कळ उशिरा मिळाले. २०१३च्या भूसंपादन कायद्याने, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात काम करणाऱ्या आणि ज्याचे उपजीविकेचे मुख्य साधन हिरावले जाते अशा शेतमजुराच्या, कुळाच्या व कारागिराच्या कुटुंबासही ‘बाधित कुटुंब’ मानले. २०१५च्या आदेशाने पुनर्वसनाच्या तरतुदी कोळशासाठीच्या संपादनासही लागू झाल्या.

आपल्या जिल्ह्यात तिरोड्यास ३३०० मेगावॉटचे वीजकेंद्र कोळशावर चालते. तेव्हा हा विषय परक्याचा नाही. धरण असो, रस्ता असो वा कारखाना असो, संपादनाची अधिसूचना कोणत्याही गावी येऊ शकते. त्या दिवशी हक्क असूनही पुरावा नसेल, तर हक्क कागदावरच राहील.

म्हणून माझे आपणांस आग्रहाचे सांगणे आहे. शिधापत्रिका, मतदार यादीतील नाव, मुलांचे शाळेचे दाखले, मजुरीच्या नोंदी आणि ग्रामसभेच्या ठरावांच्या प्रती एकत्र जपून ठेवा. घरातील वृद्धांनी कोणत्या बांधीत किती वर्षे रोवणी केली, हे त्यांच्याच तोंडून, आपल्या झाडीबोलीत, मोबाईलवर चित्रित करून ठेवा. मूळ ध्वनिचित्रफीत पुसू नका. २०२३च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे आवश्यक ते प्रमाणपत्र जोडल्यास अशी फीत न्यायालयापुढे मांडता येते. ती एकटीच पुरेशी ठरेल असे मी म्हणत नाही. साक्षीदाराला न्यायालयात उभे राहावेच लागते. परंतु कागदांच्या जोडीला ती असली, तर आपले म्हणणे सहजासहजी उडवून लावता येणार नाही.

सास्तीच्या मुलाने कोळशाच्या कांडीने आपल्या माणसांची नोंद जगापुढे ठेवली. आपल्या हाती आज त्याहून सोपे साधन आहे. घरी गेल्यावर आजीला प्रथम तिचे नाव विचारा, मग गाव, मग काम. आणि तिचे बोलणे संपेपर्यंत मध्ये बोलू नका.