एकलकोंडा

श्रोतेहो, आज मी तुमच्याशी सिनेमाविषयी बोलणार आहे, आणि तेही विनोदी सिनेमाविषयी. दिवसभर रानात राबून आलेल्या माणसाला मास्तराने सिनेमाच्या गोष्टी सांगाव्यात, हे काहींना रुचणार नाही. पण माझा इलाज नाही. एका मुलाने मला सिनेमावरून एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर देताना मी कमी पडलो. ती हकीकत सांगितल्यावाचून मला विषयाला हात घालता येत नाही.

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले आणि मांजरसुंब्याला केजकडे वळले, की आमचे नेकनूर लागते. गाव बाजाराचे. बाजारच्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून माणूस नुसते लोटते. अशा गलबल्याच्या गावात गप्प बसणारे पोर लगेच डोळ्यांत भरते. त्याला ठेवायला आपल्याकडे नावेही पुष्कळ. घुम्या, मुखदुर्बळ, माणूसघाणा, एकलकोंडा. यांतले एकही नाव मायेने ठेवलेले दिसत नाही. आणि गंमत पाहा, तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, हे कीर्तनात ऐकताना आपण हात जोडतो; त्याला आपण 'एकांत' म्हणतो. नेकनूरला तर बंकटस्वामींची परंपरा आहे. एकांताचे मोल आम्हाला कोणी बाहेरून येऊन शिकवायला नको. पण तोच एकांत सतरा वर्षांच्या पोराने विहिरीच्या काठावर धरला, की ते पोर 'बिघडले'.

असा एक मुलगा माझ्या वर्गात होता. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की बिऱ्हाड बांधून कारखान्याच्या वाटेला लागायचे, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. मुलगा आजीजवळ. अभ्यासात पहिला नाही, शेवटचाही नाही. बोलणे बेताचे. मात्र कधी बोललाच, तर असे काही विचारी की फळ्यावरचा खडू हातात तसाच राही.

दहावीच्या मुलांच्या निरोपाच्या दिवशी आम्ही शाळेच्या भिंतीवर 'थ्री इडियट्स' दाखवला. राजकुमार हिराणी यांचा हा २००९ सालचा चित्रपट तुमच्यापैकी बहुतेकांनी घरच्या टीव्हीवर एकदा नव्हे, चारदा पाहिला असेल. इंजिनिअरिंग कॉलेजातली तीन पोरे, त्यांचा तो कडक प्राचार्य सहस्रबुद्धे, आणि घोकंपट्टी करणारा चतुर. त्यात जॉय लोबो नावाचा एक मुलगा आहे. फार थोडा वेळ दिसतो. आपल्या खोलीत बसून तो उडता कॅमेरा तयार करीत असतो. यंत्र वेळेवर पुरे होत नाही, मुदत वाढवून मिळत नाही, आणि मुलगा यंदा पास होणार नाही असे प्राचार्य त्याच्या वडिलांना फोनवर कळवून मोकळे होतात. मित्र ते यंत्र दुरुस्त करतात, हसत, गाणे म्हणत त्याच्या खिडकीपर्यंत उडवतात. पण तोवर लोबोने आपले आयुष्य संपवलेले असते.

चित्रपट संपला, दिवे लागले. मुले आवराआवर करू लागली. सतरंजीच्या टोकाला तो मुलगा अजून बसलेलाच होता. मी थट्टेने म्हणालो, "चला, आमच्या लोबोला उठवा कोणीतरी." सगळे खदखदून हसले. मीही हसलो. चांगला विनोद साधला असे मला त्या वेळी वाटले, हे कबूल करतो.

ते नाव त्याला चिकटले. पुढे तो बीडला कॉलेजात जाऊ लागला, तर नाव त्याच्या बरोबर एस्टीत बसून बीडला गेले. दोन वर्षांनी एके दिवशी त्याची आजी शाळेच्या दारात उभी. म्हणाली, "गुरुजी, पोरगं तीन आठवडं झालं कालिजात गेलं न्हाई. बोलंना, जेवंना. निस्तं हिरीवर बसून ऱ्हातंय. कामून आसं करतंय, इचारा जरा."

संध्याकाळी मी विहिरीवर गेलो. हातात वही, शेजारी गाठी मारलेला दोर. मी इकडचे तिकडचे बोललो. त्याने ऐकून घेतले आणि मग विचारले, "सर, लोबो मेल्यावर लोक पुन्हा हसायला कसे लागतात?"

श्रोतेहो, आता तुम्हीच सांगा. मी त्याला काय उत्तर द्यावे? मास्तराला उत्तर येत नसले की तो गोष्ट सांगतो. मीही तेच केले.

मी त्याला एका जुन्या बोलपटाची गोष्ट सांगितली. त्याचे नाव 'ब्रह्मचारी'. साल १९३८. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने तो मराठीत आणि हिंदीतही काढला. कथा आचार्य अत्रे यांची. दिग्दर्शक आणि नायक दोन्ही मास्टर विनायक. नायकाचे नाव औदुंबर. हा कॉलेजातला विद्यार्थी नव्हे, पण वय आणि डोके मात्र अगदी त्याच जातीचे. देशभक्त जटाशंकर यांचे ब्रह्मचर्य आणि देशसेवा या विषयावरचे व्याख्यान तो ऐकतो आणि एका रात्रीत विरक्त होतो. नट्यांची जमवलेली चित्रे फेकून देतो, योगाचे पुस्तक विकत आणतो आणि जगाकडे पाठ फिरवून एका संस्थेत दाखल होतो. मग तिथे येते किशोरी. ही भूमिका मीनाक्षी शिरोडकर यांनी केली होती. पोहण्याच्या पोशाखात ती पाण्यात उतरून गाणे म्हणते, या एका दृश्याने तेव्हाच्या महाराष्ट्रात केवढा गहजब उडाला होता! औदुंबराच्या व्रताचे पुढे काय झाले असेल, ते मी सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, यात विशेष काय? एक ढोंगी वैरागी, त्याची फजिती. पण नीट पाहा. औदुंबर ढोंगी नाही. तो मनापासून विरक्त झालेला आहे, फक्त ती विरक्ती त्याची स्वतःची नाही. ती जटाशंकराच्या भाषणातून उसनी आणलेली आहे. अत्रे हसतात ते त्या उसनवारीला. पोराच्या एकटेपणाला ते हसत नाहीत. मला वाटते, हा फरक अत्र्यांना समजत होता, कारण ते मुळात मास्तर. पुण्याला कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत ते हेडमास्तर होते, शिक्षणशास्त्र शिकायला विलायतेला जाऊन आलेले होते, आणि 'नवयुग वाचनमाला' त्यांचीच. ज्यांनी १९५३ साली 'श्यामची आई' पडद्यावर आणून देशातले पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवले, त्यांनीच पंधरा वर्षे आधी 'ब्रह्मचारी' लिहून लोकांना हसवले होते. वर्गात पोर कशाने दुखावते आणि कशाने खुलते, हे रोज पाहणाऱ्याचा तो विनोद आहे.

'थ्री इडियट्स'मध्येही असे एक दृश्य आहे. चतुर नावाचा तो पोपट अर्थ न कळता भाषण पाठ करतो, आणि कोणीतरी त्यातले शब्द बदलून ठेवल्यामुळे भर सभेत भलतेच बोलून बसतो. तो विनोद मला ग्राम्य वाटतो. पोरींच्या बरोबर बसून पाहावा असा तर नव्हेच. पण त्याचे मूळ औदुंबरापाशीच आहे. बोलणारा जे बोलतो ते त्याचे स्वतःचे नसते, म्हणून आपल्याला हसू येते.

लोबोचे तसे नव्हते. त्याचा विचार उसना नव्हता, पुरा झालेला नव्हता एवढेच. अन् मी त्याच्या नावाने विनोद केला होता.

मुलगा ऐकत होता. म्हणाला, "पण सर, ब्रह्मचारीत कोणी मरत नाही."

खरेच होते. मग मला भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आठवली. ती १९६३ साली प्रसिद्ध झाली, लेखकाचे वय तेव्हा पंचवीस. कोसला म्हणजे किड्याने स्वतःभोवती विणलेला कोश. खानदेशातल्या सांगवी गावचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात जातो, वसतिगृहात राहतो, खाणावळीचा कारभार अंगावर घेतो, पैसे उडवतो, परीक्षेत घसरतो आणि शेवटी गावाकडे परततो. हा चित्रपट नव्हे, कादंबरी आहे. पण कॉलेजातल्या एकलकोंड्या, विचार करणाऱ्या पोराची याहून चांगली विनोदी गोष्ट मराठीत मला तरी ठाऊक नाही. ज्या शिक्षकांनी ती अभ्यासक्रमाचे पुस्तक म्हणून नाक मुरडत वाचली असेल, त्यांनी पुन्हा एकदा वाचावी. इथे बाहेरचा कोणी पांडुरंगाला हसत नाही. तोच सगळ्या जगाला हसतो, आणि स्वतःलाही. वाचता वाचता आपण हसतो, आणि मग त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. त्यापुढची पाने मी पहिल्यांदा वाचली ती रात्री, कंदिलाच्या उजेडात, आणि पुस्तक मिटून अंगणात येऊन उभा राहिलो. पुढेही त्या कादंबरीत हसू येते. पण ते पहिल्यासारखे राहत नाही. हसणाऱ्याला काहीतरी ठाऊक झालेले असते.

हे त्याला पटले असावे. निदान त्याने मान हलवली.

मग मी त्याला त्याच्याच सिनेमातले एक दृश्य आठवून दिले. लोबोच्या नंतर, त्याच चित्रपटात, राजू नावाचा मुलगाही प्राचार्यांच्या धाकाने खिडकीतून उडी घेतो. तो वाचतो, पण शुद्धीवर येत नाही. दोघे मित्र दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसून काय करतात? थापा मारतात. विनोद करतात. बिनहुंड्याने तुझ्या बहिणीशी फरहानचे लग्न ठरवले, असे सांगून पाहतात, आणि त्या थापेने पोरगा डोळे उघडतो. "तिथे हसतात ते कशासाठी?" मी विचारले.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "लोबोच्या खिडकीकडंबी ते हसतच गेले होते. पण उशिरा गेले."

इथे माझी गोष्ट संपली, आणि मला बोलायला काही उरले नाही. त्यानेच वही पुढे केली. आत आकडे होते. दोन महिने रोज सकाळी आणि संध्याकाळी तो गाठी मारलेला दोर विहिरीत सोडून पाणी मोजत होता. संध्याकाळपासून कोणी घागरभर पाणी काढले नाही, तरी सकाळी पाणी हातभर खाली कसे जाते, हा त्याचा प्रश्न. त्याने शोधलेही होते. ज्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची असते, त्याच आठवड्यात असे होते. दिवसाच्या पाळीत पाणी दिवसा उतरते. म्हणजे आसपासचे बोअर चालले की या विहिरीला ओढ बसते. आता यावरून हा मुलगा मोठा शास्त्रज्ञ होणार, असे मी तुम्हाला सांगणार नाही. सिनेमात तसे होते. ही गोष्ट गावातल्या जाणत्या शेतकऱ्याला आधीच माहीत असेल. पण वहीतला विचार उसना नव्हता, आणि तीन आठवडे घरातले सगळे त्याला 'काही न करता बसून राहतो' म्हणत होते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, गप्प मुलगा आणि खचलेला मुलगा हे दोन वेगळे असतात, आणि दुरून दोघे सारखेच दिसतात. जेवण सुटले, झोप गेली, बरोबरच्यांत जाणे बंद झाले, की जवळ जाऊन विचारावे; सरळ शब्दांत विचारावे. आपल्याच्याने होत नसेल, तर सरकारची टेली-मानस ही फोनवरची सेवा २०२२ सालापासून आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो शाळेच्या फळ्यावर एका कोपऱ्यात लिहून ठेवायला काही खर्च येत नाही. आम्ही लिहिला आहे.

त्या संध्याकाळी अंधार पडू लागला तेव्हा तो म्हणाला, "सर, दोर धरा जरा. आज मोजायला उशीर झाला." मी दोर धरला. तो वाकून गाठी मोजत होता. मग वहीत आकडा लिहिला आणि त्यापुढे कंसात, 'सर होते'.

मी त्याची माफी मागितली. विहिरीवर नव्हे, तिथे धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी एस्टी स्टँडवर मागितली, गाडी लागलेली असताना. तो "असू द्या सर" म्हणाला आणि चढला. त्या आठवड्यात तो चार दिवस बीडला गेला, पुढच्या आठवड्यात दोनच. आता जातो आहे. आजीला म्हणे रात्री विहिरीचे हिशेब समजावून सांगतो, आणि ती "माय माय" म्हणत ऐकून घेते.

नाव मात्र पुरते गेलेले नाही. गेल्या बाजारी मी भाजी घेत उभा होतो, तर गर्दीतून कोणीतरी त्याला मोठ्याने हाक मारली, "ए लोबो!" मी वळून पाहिले. हाक मारणारा माझ्याच वर्गात त्या दिवशी पहिल्या रांगेत बसला होता.